‘द्या समजून’ ते ‘तीनशे झाले’

मे महिन्यातली दुपार. खामगावातले रस्ते ओस पडलेत, पत्रे तापून कडकड वाजतायत आणि ऐन एक वाजता घरातला कूलर रुसला आहे. मोटर गुरगुरते, पण पातं फिरत नाही. मिस्त्रीला फोन जातो. तासाभराने डोक्याला दुपट्टा बांधलेला, खांद्याला पिशवी लावलेला मिस्त्री दारात उभा राहतो. तो क्षणभर आवाज ऐकतो, बाहेरूनच एका काडीने पात्याला हलकासा धक्का देतो. पातं गरगरायला लागतं. मग तो बटण बंद करतो आणि म्हणतो, ‘‘कपॅसिटर गेला, काकू.’’ पिशवीतून काडेपेटीएवढी एक डबी निघते, दोन वायरी जोडल्या जातात, त्यांवर चिकटपट्टी बसते. दहा मिनिटांत घरात गार वारा येतो.

‘‘किती झाले, भाऊ?’’

‘‘तीनशे झाले.’’

‘‘अन् दहाच मिनिटं तर लागली!’’

हा संवाद बुलढाणा जिल्ह्यातल्या कुठल्याही घरात रोज होतो. तीनशेचा आकडा मी उदाहरणापुरता घेतला आहे. मेहकरात तो वेगळा असेल, मलकापुरात वेगळा. पण कुठलाही असला, तरी तो हवेतून आलेला नसतो. त्या एका आकड्यात विजेचं शास्त्र आहे, रांगांचं गणित आहे, जिल्ह्याचा भूगोल आहे आणि गावगाड्याचा काही शतकांचा इतिहास आहे. तो उलगडायला बसलं की थक्क व्हायला होतं.

दहा मिनिटांची ऐंशी मिनिटं

आधी त्या डबीकडे पाहू. घरातली वीज एका फेजची असते. तिचा प्रवाह पुढे-मागे, पुढे-मागे असा सेकंदाला पन्नास वेळा झुलतो. त्यामुळे मोटरच्या आतल्या फिरणाऱ्या भागाला इकडून तिकडे आणि तिकडून इकडे ओढ लागते, पण गोल फिरायचं कुठल्या बाजूने हे त्याला कळत नाही. झोपाळ्यावर बसलेल्या मुलाला कुणी एकाच वेळी दोन्हीकडून सारखं ढकलावं, तशी त्याची गत होते. म्हणून मोटरमध्ये दुसरी एक गुंडाळी असते आणि कपॅसिटर त्या गुंडाळीतला प्रवाह पहिलीच्या थोडा पुढे काढतो. दोन प्रवाहांची लय अशी मागेपुढे झाली की त्या भागाला दिशा सापडते. कपॅसिटर मेला की दिशा हरवते आणि मोटर जागच्या जागी गुरगुरते. बाहेरून एक धक्का मिळाला, तर त्या धक्क्याची दिशा धरून ती फिरू लागते. मिस्त्रीने काडीने दिलेला धक्का म्हणजे रोगनिदान होतं.

हे निदान कानाने करता यायला किती काळ लागतो? आयटीआयमधला इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा. त्यानंतर कुणाच्या तरी हाताखाली हेल्पर म्हणून शिडी धरण्यात आणि वायर ओढण्यात गेलेली वर्षं वेगळी. दहा मिनिटांत काम झालं ते या वर्षांमुळे. तोच माणूस नवशिका असता, तर दीड तास मोटर उघडून बसला असता. मिनिटांवर पैसे मोजायचे ठरवले, तर नवशिक्याला जास्त आणि जाणकाराला कमी द्यावे लागतील. घरोघरी जाऊन दुरुस्ती करणाऱ्याचा भाव घड्याळावर ठरत नाही, त्याचं पहिलं कारण हे.

दुसरं कारण त्याच्या दिवसात आहे. समजा, तो दहा तास म्हणजे ६०० मिनिटं बाहेर असतो आणि सहा घरं करतो. प्रत्येक घरी त्याचे हात सरासरी अर्धा तास चालतात. म्हणजे कामाची मिनिटं झाली १८०. उरलेली ४२० कुठे गेली? रस्त्यावर, सुट्या भागांच्या दुकानात, ‘‘गल्ली कोणती म्हणाले?’’ विचारण्यात, मालक येईपर्यंत ओट्यावर बसण्यात, लाइट गेली म्हणून थांबण्यात, मागच्या आठवड्यात केलेलं काम पुन्हा बिघडलं म्हणून फुकटात परत जाऊन येण्यात. ती ४२० मिनिटं सहा घरांत वाटली, तर प्रत्येक घरामागे ७० येतात. काम पाच मिनिटांचं असो की तासाचं, ही सत्तर मिनिटं ठरलेलीच. म्हणजे काकूंना दिसलेलं दहा मिनिटांचं काम मिस्त्रीच्या हिशोबात ऐंशी मिनिटांचं आहे.

म्हणूनच अनेक मिस्त्री भावाचे दोन भाग करतात. एक ‘यायचे’ आणि दुसरा ‘करायचे’. यायचे पैसे म्हणजे व्हिजिट चार्ज. काम करून घेतलं तर काही जण तो बिलात वळता करतात; नाही करून घेतलं तरी तो द्यावा लागतो, कारण सत्तर मिनिटं गेलेली असतात आणि रोग कुठे आहे हे सांगण्याचं सर्वांत कसबी काम झालेलं असतं. ‘‘नुसतं पाहिलं, तर पाहायचे कसले पैसे?’’ असं आपण म्हणतो. पण पाहणं हाच त्याचा खरा धंदा आहे; पाना आणि पक्कड नंतर येतात.

रिकाम्या वेळेचं गणित

आता या आकड्यातल्या सर्वांत अद्भुत भागाकडे येऊ. आपल्याला वाटतं, हुशार मिस्त्री तो, जो एक मिनिटही रिकामा बसत नाही. गणित सांगतं, ज्याला आपल्याकडे लवकर यायचं आहे त्याने काही वेळ रिकामं असलंच पाहिजे.

आग्नर क्रारुप अर्लांग नावाचा डॅनिश गणिती कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत नोकरीला होता. फोन कधीही येतात, बोलणी कितीही लांबतात, मग तारा आणि ऑपरेटर नेमके किती ठेवायचे, हा त्याच्यापुढचा प्रश्न. १९०९ मध्ये त्याने त्यावर पहिला निबंध प्रसिद्ध केला आणि त्यातून रांगांचं शास्त्र वाढलं. त्या शास्त्रातलं एक साधं सूत्र आपल्या मिस्त्रीला लावून पाहू. बोलावणी वाटेल तेव्हा येतात आणि प्रत्येक कामाला लागणारा वेळही अनिश्चित असतो, असं गृहीत धरू. मिस्त्री निम्मा वेळ कामात असेल, तर त्याच्या हातातलं धरून सरासरी एक काम अंगावर असतं. तो ८० टक्के वेळ कामात असेल, तर चार. ९० टक्के असेल, तर नऊ. आणि ९५ टक्के असेल, तर एकोणीस!

हे आकडे पुन्हा वाचा. नव्वदवरून पंच्याण्णववर गेलं, म्हणजे काम जेमतेम पाच टक्क्यांनी वाढलं, पण रांग दुपटीहून जास्त झाली. मे महिन्यात ‘‘आज येतो’’ म्हणालेला मिस्त्री तिसऱ्या दिवशी का उगवतो, याचं उत्तर त्याच्या स्वभावात नसून या सूत्रात आहे. तो खोटं बोललेला नसतो. सकाळी त्याच्याकडे नऊ कामं असतात आणि दुपारपर्यंत एकोणीस होतात.

याचा उलटा अर्थ फार सुंदर आहे. फोन केल्यावर तासाभरात येणारा मिस्त्री तेव्हाच मिळतो, जेव्हा त्याच्याकडे थोडा मोकळा वेळ शिल्लक असतो. त्या मोकळ्या वेळातही त्याचं पोट असतं, मुलांची फी असते, गाडीचा हप्ता असतो. तो वेळ कुणीतरी विकत घ्यावा लागतो आणि तो आपण सगळे मिळून थोडा थोडा घेतो. तीनशेतला एक हिस्सा त्याच्या कामाचा नसून ‘हाक मारली तर हा येऊ शकेल’ या सोयीचा आहे.

ॲडम स्मिथने १७७६ सालच्या आपल्या ग्रंथात गवंड्याचं उदाहरण घेऊन हेच ओळखलं होतं. कडाक्याच्या थंडीत आणि पावसापाण्यात गवंड्याला काम मिळत नाही, म्हणून कामाच्या दिवसांच्या मजुरीत बेकारीच्या दिवसांचं पोट भरलं पाहिजे. पुढे तो आणखी एक माणुसकीची गोष्ट मांडतो: उद्या काम मिळेल की नाही, या चिंतेत जाणाऱ्या क्षणांचीही काही भरपाई त्यात असली पाहिजे. कूलरच्या मिस्त्रीला हे सांगायला नको. उन्हाळ्यात त्याला जेवायला फुरसत नसते आणि श्रावणात त्याचा फोन दिवसभर गप्प असतो. मेच्या तीनशेत श्रावणाचे काही रुपये असतात.

माप कोणतं, जोखीम कुणाची

प्रत्येक कसबाने आपला भाव सांगायला एक माप शोधून काढलं आहे, आणि त्या मापांत किती शहाणपण साठलं आहे! नव्या घराची वायरिंग करणारा ‘पॉइंट’वर बोलतो. एक दिवा हा एक पॉइंट, एक पंखा हा एक पॉइंट. भिंतीतून वायर किती वळणं घेत गेली, हे घरमालकाला कळत नाही. दिवे मात्र त्याला मोजता येतात. रंगारी आणि फरशीवाला चौरस फुटावर बोलतो. जळालेली मोटर भरून देणारा हॉर्सपॉवरवर भाव सांगतो, कारण मोटर जितकी ताकदीची तितकं तिच्यात तांबं जास्त जातं. पूर्वी घरी येऊन गाद्यांचा कापूस पिंजणारा पिंजारी कापसाच्या वजनावर बोलायचा आणि नवसागराचा धूर करत कथील फिरवणारा कल्हईवाला भांड्यावर. गवंड्याला रोजाने लावता येतं किंवा काम उक्तं देता येतं. रोजाने लावलं तर उशिराचा भुर्दंड मालकाला बसतो. उक्तं दिलं तर मिस्त्रीला.

मापात खरी गोष्ट ही दडलेली असते: काही बिनसलं तर नुकसान कुणी सोसायचं? बोअरवेलवाल्याकडे पाहा. तो फुटावर पैसे घेतो आणि खोली वाढत जाते तसा फुटाचा दरही टप्प्याटप्प्याने वाढतो, कारण घाटावरच्या काळ्या पाषाणात खोल जाताना नळ्या जोडाव्या लागतात आणि डिझेल जास्त जळतं. पण पाणी लागलं नाही, तरी फुटांचे पैसे द्यावेच लागतात. कोरड्या भोकाची जोखीम सगळी शेतकऱ्याची. जिल्ह्यातल्या किती घरांनी ती सोसली आहे, हे वेगळं सांगायला नको.

ही विचारपद्धत किती जुनी असावी? बाबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या काळ्या दगडावर कोरलेल्या कायद्यांना सुमारे पावणेचार हजार वर्षं झाली. त्यात घर बांधणाऱ्याची मजुरी क्षेत्रफळावर ठरवून दिलेली आहे: एका ‘सार’ला, म्हणजे सुमारे ३६ चौरस मीटरला, दोन शेकेल चांदी. शेकेल साधारण आठ ग्रॅमचा. चांदीच्या बाजारपेठेसाठी नावाजलेल्या खामगावात बसून हे वाचताना अंगावर काटा येतो. चौरस फुटाचा दर तेव्हाही होता आणि तो चांदीत होता! त्याच कायद्यांत आणखी एक कलम आहे: नीट न बांधल्यामुळे भिंत कलली, तर बांधणाऱ्याने ती स्वतःच्या पैशाने मजबूत करून द्यावी. ‘‘महिनाभरात पुन्हा बिघडलं तर फुकट करून देईन’’ हे मिस्त्रीचं वाक्य म्हणजे त्या दगडावरच्या कलमाचा सौम्य वंशज आहे. त्या वचनाचीही किंमत असते आणि तीही भावात मिसळलेली असते.

दुरुस्तीच्या कामाची अडचण अशी की तिथे डोळ्यांना दिसणारं मापच नसतं. नळ गळतो, हे दिसतं. वॉशर बदलायचा की भिंत फोडायची, हे उघडल्यावरच कळतं. म्हणून फोनवर भाव विचारला की उत्तर येतं, ‘‘पाहावं लागंन.’’ तो टाळत नसतो. त्याला खरंच माहीत नसतं.

घाट आणि खारं पाणी

बुलढाणा जिल्ह्यातली माणसं आपल्या जिल्ह्याचे दोन भाग सांगतात: घाटावरचा आणि घाटाखालचा. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा हे घाटावर. मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हे घाटाखाली. अजिंठ्याच्या डोंगररांगेने ओढलेली ही रेघ मिस्त्रीच्या बिलातही उमटते.

बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटरवर आहे. खालचा पूर्णेच्या खोऱ्यातला सपाट मुलूख त्याच्या निम्म्या उंचीचाही नाही. त्यामुळे उन्हाळ्यात वर दोन-तीन अंशांनी सुसह्य असतं, तर खाली कूलर ही चैन नसून गरज असते. त्यात पूर्णेच्या काठचा मोठा पट्टा खारपाणपट्टा आहे. तिथलं भूजल खारं. असं पाणी कूलरच्या गवतावर वाळलं की पांढरा थर धरतं, वारा अडतो आणि गवत दर हंगामात बदलावं लागतं.

गिझरचं तर आणखीच नवल. पाण्यात विरघळलेला कॅल्शियमचा बायकार्बोनेट तापला की फुटतो. त्यातून कर्बवायू उडून जातो आणि न विरघळणारा कार्बोनेट मागे उरतो. म्हणजे चुनखडीच! कॉइलभोवती अक्षरशः दगड तयार होतो. दगडातून उष्णता नीट बाहेर जात नाही, म्हणून आतली कॉइल जास्त तापते आणि शेवटी जळते. गुहेत हजारो वर्षांनी घडणारी गोष्ट न्हाणीघरात दोन-चार वर्षांत घडते.

आता घाटाखालच्या प्लंबरचा भाव समजून घ्या. खाऱ्या पाण्याने गंजून आटे एकजीव झालेली तोटी तो फिरवतो, तेव्हा ती निघेल की भिंतीतला पाइपच पिळवटून तुटेल, हे त्यालाही ठाऊक नसतं. तुटला तर दोष त्याच्यावर येतो. तोटी बदलण्याचा त्याचा भाव थोडा चढा वाटला, तर त्यात या धास्तीचा वाटा असतो.

अंतराचाही हिशोब आहे. तालुक्याच्या गावापासून पंधरा-वीस किलोमीटरवरच्या खेड्यात एका पंख्यासाठी जाणं मिस्त्रीला परवडत नाही. मग तो म्हणतो, ‘‘आणखी दोन-तीन कामं असली तर सांगा, एकदाच येतो.’’ आणि गाव ती कामं गोळा करून ठेवतं. एकाचा पंखा, दुसऱ्याची मिक्सी, शाळेजवळच्या घरातला बोर्ड. त्यामुळे रस्त्याचा खर्च चार घरांत वाटला जातो. शहरांतल्या ॲप कंपन्या हेच साधायला संगणक लावतात. इथे एक फोन आणि एक पार पुरतो.

या नियमाला अपवाद एकच, शेतातली मोटर. शेतीपंपांना वीज पाळीने मिळते, कधी दिवसा, कधी रात्री. तीन फेजपैकी एक गेला आणि मोटर तशीच चालत राहिली की गुंडाळी जळते. हरभरा पाण्यावर आलेला, पाळी हातची जाणारी, अशा वेळी मोटर काढून, भरून, पुन्हा सोडायला जो माणूस रात्री विहिरीवर येतो, त्याला शेतकरी भाव विचारत नाही. आणि बहुतेकदा तोही वाढवून सांगत नाही. का, ते पुढे पाहू.

न दिसणाऱ्या कामावरचा विश्वास

भाजी आपण निवडून घेतो. हॉटेलातलं जेवण खाल्ल्यावर बरं-वाईट कळतं. पण दुरुस्तीचं तसं नाही. मिस्त्रीने सांगितलेला भाग खरंच बदलायला हवा होता का, हे काम झाल्यानंतरही आपल्याला कळत नाही. अशा वस्तू-सेवांचा बाजार निव्वळ विश्वासावर चालतो, हे अर्थशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये सिद्धान्त म्हणून मांडलं. ऑस्ट्रियात काही संशोधकांनी मुद्दाम बिघडवलेले संगणक दुरुस्तीच्या दुकानांत दिले. काही ठिकाणी त्यांनी सहज सांगितलं की बिल विमा कंपनी भरणार आहे. तेवढ्या एका वाक्याने सरासरी बिल ८० टक्क्यांहून अधिक फुगलं. २०१६ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

हे वाचलं की लहान गावातल्या रीतींचं मोल कळतं. चांगला मिस्त्री काढलेला जुना भाग हातात ठेवतो: ‘‘हे पाहा, जळलेला आहे.’’ तो म्हणतो, ‘‘माल तुम्हीच आणा दुकानातून, मी हातमजुरी सांगतो.’’ आणि इलेक्ट्रिकच्या ज्या दुकानदाराने त्याचं नाव सुचवलं, त्याच्या काउंटरवर संध्याकाळी सगळ्या गोष्टी पोचतात. कोण कुठे किती घेऊन गेला, कुणाचं काम दुसऱ्या दिवशीच बिघडलं. ती जागा म्हणजे गावाचं न लिहिलेलं दरपत्रक असतं.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात याचाच नियम सापडतो. मजुरी आधी ठरली नसेल, तर कारागिराला आणि वैद्यालासुद्धा, त्याच प्रकारचं काम करणारा दुसरा जे घेतो ते द्यावं, किंवा जाणकार ठरवतील ते द्यावं. दोन हजार वर्षांनंतर नांदुऱ्याच्या दुकानात नेमकं हेच चालतं.

आणि रात्री विहिरीवर आलेला माणूस अडवून पैसे का घेत नाही? डॅनियल कानेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी १९८६ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. बर्फाचं वादळ झाल्याच्या दुसऱ्या सकाळी दुकानदाराने १५ डॉलरचं बर्फ उपसायचं फावडं २० डॉलरला केलं, हे योग्य की अयोग्य, असं त्यांनी कॅनडातल्या लोकांना विचारलं. ८२ टक्के लोक म्हणाले, अयोग्य. अडलेल्याकडून जास्त घेऊ नये, ही जाणीव बाजाराच्या नियमांपेक्षा खोल रुजलेली असते. आपल्या मिस्त्रीला तर त्याच गावात पुढच्या वर्षीही फिरायचं असतं. आजचे जास्तीचे दोनशे घेऊन तो पुढची वीस वर्षं घालवत नाही.

खळ्यावरचा भाव

आता आपल्याच गावांच्या जुन्या पानाकडे वळू. रिकाम्या वेळेचे पैसे कुणी द्यायचे, हा प्रश्न वऱ्हाडातल्या गावांनी अर्लांगच्या कितीतरी आधी एका पद्धतीने सोडवला होता. तिचं नाव बलुतं. सुतार वर्षभर नांगर, वखर, तिफण दुरुस्त करून द्यायचा, लोहार फाळ शेवटून द्यायचा. दर खेपेला पैसे नाहीत. सुगीला खळं झालं की ज्याच्या त्याच्या हक्काचं धान्य मिळायचं. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ च्या ‘गावगाडा’ या पुस्तकात ही व्यवस्था बारकाईने नोंदवली. बलुतेदारांच्या याद्या गावागणिक बदलत, त्यांच्या ओळी लागत आणि शेतीला ज्याची गरज जास्त, त्याची ओळ वरची. आजच्या भाषेत हा वार्षिक देखभालीचा करार होता. हाक मारली की येणं, हीच विकलेली वस्तू. पीक बुडालं की बलुतंही आटायचं, म्हणजे दुष्काळाची जोखीमही वाटली जायची.

गणित म्हणून ही रचना पाहिली की कौतुक वाटतं. पण माणसं म्हणून पाहिली की मन थांबतं. कारण त्या करारावर बलुतेदाराची सही नव्हती. त्याचा धंदा जन्माने ठरलेला होता आणि तो सोडायची मुभा नव्हती. खळ्यावर माप दुसऱ्याच्या हातात असायचं. जे पडेल ते पदरात घ्यायचं. ज्यांच्याकडून सर्वांत जास्त राबवून घेतलं, त्यांना सर्वांत जास्त अपमान सोसावा लागला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाच्या जाचातून सुटका करण्यासाठी विधेयक मांडलं. पुढे १९७८ मध्ये दया पवारांनी आपल्या आत्मकथनाला ‘बलुतं’ हेच नाव दिलं. त्या एका शब्दात किती दुःख भरलेलं होतं, हे मराठी वाचकाला तेव्हा लख्ख दिसलं.

बलुत्यात हाक मारली की येणाऱ्याला मोल होतं. पण ते मोल सांगायचा अधिकार येणाऱ्याला नव्हता. ही उणीव मोठी होती, आणि तिची सावली अजून पुरती सरलेली नाही. आजही एखाद्या वयस्क सुताराला ‘‘किती द्यायचे?’’ विचारलं, तर तो औजारं पिशवीत भरत, नजर खाली ठेवून म्हणतो, ‘‘द्या समजून.’’ या दोन शब्दांत सौजन्य असतं, घराशी जुनं नातं असतं. पण त्यांत खळ्याच्या कडेला वाट पाहत उभ्या राहिलेल्या कैक पिढ्याही असतात. ‘समजून’ देणारे समजून देतात की नाही, हे घेणाऱ्यांच्या हातात कधीच नव्हतं.

म्हणून खामगावातल्या त्या दुपारचं वाक्य मला पुन्हा ऐकावंसं वाटतं. आयटीआयमध्ये शिकलेला, आपल्या आवडीने किंवा गरजेने हा धंदा निवडलेला, कुठल्याही आळीतून आलेला एक तरुण पुसलेले हात पिशवीला टेकवून, काकूंच्या डोळ्यांकडे पाहून म्हणतो, ‘‘तीनशे झाले.’’ यात ऐंशी मिनिटं आहेत, मोकळ्या वेळेचं गणित आहे, खारं पाणी आणि घाट आहे, पुन्हा बिघडलं तर परत येण्याचं वचन आहे. आणि आपल्या श्रमाचा भाव आपण सांगायचा, हा त्याच्या पणज्याला न मिळालेला अधिकार आहे.

काकू आत जातात, पैसे आणतात, सोबत पाण्याचा तांब्या आणतात. ‘‘पाणी घे, भाऊ. बाहेर लई ऊन आहे.’’ तो घटाघटा पाणी पितो, दुपट्टा पुन्हा बांधतो. तेवढ्यात त्याचा फोन वाजतो. कुणाचा तरी कूलर गुरगुरत असतो आणि पातं फिरत नसतं.